पंख्यांच्या जाधवबाई

जाधवबाईंना कुणी “तुम्ही कॉम्प्युटर दुरुस्त करता का?” असं विचारलं, तर त्या सरळ “नाही” म्हणायच्या. समोरच्याने हातातला कॅबिनेट दाखवून “पण खालच्या दुकानदाराने तुमचंच नाव सांगितलं” असं म्हटलं, की म्हणायच्या, “मी फक्त पंख्यांचं बघते. बाकी काही असेल तर स्टेशनजवळ तीन दुकानं आहेत.” आणि दार तेवढंच अर्धं उघडं धरून उभ्या राहायच्या.

मलाही त्यांनी असंच दारात उभं केलं होतं. बेव्हर्ली पार्कातल्या माझ्या घरून रिक्षाने, कॅबिनेट चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन, मी भाईंदर पश्चिमेला आले होते. मग बाजारातली गल्ली आणि तीन जिने. मी शाळेच्या पुस्तकांची पानं कॉम्प्युटरवर लावण्याचं काम घरी बसून करते. मार्च महिना होता, प्रकाशकाचे दिवसाला चार फोन येत होते आणि माझं मशीन रोज दुपारी दीडच्या सुमारास आपोआप बंद पडत होतं. एका दुकानाने आतला पॉवर सप्लाय बदलला. दुसऱ्याने सगळं साफ करून दोन नवे पंखे लावले. त्यानंतर ते दीडच्या ऐवजी बाराला बंद पडायला लागलं.

“नवीन पंखे लावल्यावर वाढलं?” जाधवबाईंनी विचारलं.

“हो.”

“मग या आत.”

घर म्हणजे एक खोली, स्वयंपाकघर आणि खिडकीशी लावलेलं एक लांब टेबल. बाई साठीच्या पुढच्या, काटकुळ्या, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, चष्मा दोरीला बांधून गळ्यात. त्यांनी हातातल्या बांगड्या आणि घड्याळ काढून एका स्टीलच्या वाटीत ठेवलं. मग खिडकीच्या गजाला हात लावला, क्षणभर तसाच ठेवला, आणि मग कॅबिनेट उघडला. अंगात साठलेली वीज मशीनला लागू नये म्हणून त्या असं करत, हे मला नंतर कळलं. समोरच्या मारवाडी बाईंना मात्र कितीतरी दिवस वाटत होतं की जाधव आंटी काम सुरू करायच्या आधी खिडकीच्या पाया पडतात.

मशीन चालू करून त्यांनी बुद्धाच्या फोटोजवळच्या पुड्यातली एक अगरबत्ती काढून पेटवली. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीजवळ धरली. धूर आमच्या तोंडावर आला. मागच्या जाळीजवळ धरली. धूर भिंतीकडे गेला.

“बघा,” त्या म्हणाल्या. “पुढून बाहेर, मागूनही बाहेर. दोन्ही पंखे तुमच्या डब्यातली हवा उपसतायत. आत कुठून येणार? फटीफटींतून येईल तेवढीच, ती पण धूळ घेऊन.”

पुढचा पंखा त्यांनी सोडवला आणि त्याची कड माझ्या डोळ्यांसमोर धरली. प्लॅस्टिकमध्येच उमटवलेला एक बारीकसा बाण होता. “हवा कुठल्या बाजूला जाते ते कंपनीने लिहून ठेवलंय. वाचायला वेळ लागत नाही. पण आहे, हे माहीत पाहिजे.” पंखा उलटा करून त्यांनी परत बसवला. मागून येणारी त्याची वायर सरळ मदरबोर्डला न लावता कडेकडेने फिरवत नेली आणि जिथे जिथे वळली तिथे पांढऱ्या मेणाच्या दोऱ्याने गाठ मारली. दुकानवाले प्लॅस्टिकच्या पट्ट्या आवळतात तसं काही नाही. दोरा फिरवायचा, अर्धी गाठ, बोटभर अंतर सोडून परत अर्धी गाठ. शिवणकाम चाललंय असं वाटावं.

“वायर ओढायची नसते,” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “तिला जायचंय तिथे जाऊ द्यायचं. आपण फक्त सोबत करायची.”

त्या दिवसापासून माझं मशीन दुपारी बंद पडलेलं नाही. पण मी मात्र त्या तीन जिन्यांवरून परत परत गेले. आधी काहीतरी निमित्त काढून, मग निमित्ताशिवाय, आणि पुढे पुढे दर शनिवारी सकाळी. ‘मॅडम, तुम्ही’ वरून त्या ‘संध्या, तू’ वर आल्या. मी त्यांना ताई म्हणायला लागले.

जाधवबाई टेलिफोन खात्यात होत्या. मुंबईतल्या एका एक्सचेंजमध्ये, जिथे अख्ख्या भागातल्या फोनच्या वायरी येऊन एका लोखंडी चौकटीवर लटकतात, त्या खोलीत. माणगावजवळच्या खेड्यातून आलेली मुलगी, घराण्यात पहिली सरकारी नोकरी, आणि त्या खोलीत एकटी बाई. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी त्यांना ऑफिसात बसायला सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, “मला टेबल नको, मला पक्कड द्या.” हे सांगताना त्या दरवेळी थोड्या हसायच्या, पण साहेबांचं नाव कधी घेतलं नाही. मेणाचा दोरा, अर्धी गाठ, कडेकडेने वायर नेणं, हे सगळं तिथलं.

पण त्या खोलीबद्दल बोलताना त्या वायरींबद्दल फारसं बोलत नसत. आवाजाबद्दल बोलत. जुन्या एक्सचेंजमध्ये कुणी नंबर फिरवला की शेजारच्या दालनातली यंत्रं खटखट करायची. सकाळी दहाला हजारो माणसं एकदम नंबर फिरवायची आणि ते दालन पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाजायचं. दुपारी जेवणाच्या वेळेला मंद. क्रिकेटची मॅच संपली की परत जोर. “बाहेर बघायची गरज नव्हती,” त्या म्हणायच्या. “मुंबईत काय चाललंय ते कानावर पडायचं.” लग्नाची तिथी त्यांना आवाजावरून कळायची. एकदा दुपारी तीनला सगळं दालन अचानक कडाडलं आणि त्या म्हणाल्या, “कुणीतरी मोठं गेलं.” संध्याकाळी बातमी आली.

मग एका रविवारी जुनी यंत्रं बंद केली आणि नवी इलेक्ट्रॉनिक चालू केली. सोमवारी त्या कामावर गेल्या.

“खोली मुकी,” त्या म्हणाल्या. “फोन तेवढेच चालू होते, माणसं तेवढीच बोलत होती. पण आवाज नाही. नुसते पंखे. ती नवी कपाटं गार ठेवायला पंखे लावले होते, तेवढेच काय ते घुमायचे. मी डबा खायला त्यांच्याजवळ जाऊन बसायचे. सगळ्यांना वाटायचं, बाईला उकडतंय.”

नवऱ्याला जाऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. पुढे लवकर निवृत्तीची संधी आली, ती त्यांनी घेतली. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेलेली. घरात बसल्या बसल्या हातांचं काय करायचं ते समजेना. तेव्हा भाचीने अभ्यासाला म्हणून तिचा कॉम्प्युटर काही दिवस त्यांच्याकडे आणून ठेवला. तो चालू केला आणि बाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. “याचा एक पंखा दमलाय,” त्या म्हणाल्या. भाचीला काहीच ऐकू येत नव्हतं. बाईंनी कॅबिनेट उघडला. त्याच्या आत काय असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण वायर कुठून कुठे जाते ते वाचता येत होतं. तिथून हे सुरू झालं.

दिवसाला एक मशीन, फार तर दोन. तिसरं आलं तर त्याला दुसऱ्या दिवशी बोलवायच्या. “घाईने लावलेला पंखा घाईने मरतो.” एखादा पोरगा सहा रंगीत पंखे घेऊन यायचा आणि सगळे मदरबोर्डच्या एकाच जागी जोडून मागायचा. बाई त्याला भिंतीवरची खुंटी दाखवायच्या. “या खुंटीला किती पिशव्या लावशील?” तो म्हणायचा, दोन. “आणि सहा लावल्या तर?” त्याने हट्ट धरला तर कॅबिनेट चादरीसकट परत.

जिग्नेशभाईंची गोष्ट मी तिथे जायला लागल्यानंतर वर्षभराने घडली. ते लग्नाचे अल्बम करायचे, माझ्याच बाजूला बेव्हर्ली पार्कात राहायचे. त्यांनी दिव्यांचे पंखे आणले होते. अशा पंख्याला दोन वायरी असतात, एक फिरवायची आणि एक दिव्यांची. बाईंनी सगळं लावून दिलं. मशीन घरी गेलं. दोन दिवसांनी जिग्नेशभाईंचा फोन आला की एका पंख्याचे दिवे लागत नाहीत, पण हरकत नाही, कंपनीचा माल असाच असतो, पंखा तर फिरतोय.

बाईंनी फोन ठेवला आणि वाटीतल्या बांगड्या परत हातात चढवल्या. मग मला म्हणाल्या, “चल.”

भर दुपारी आम्ही रिक्षाने जिग्नेशभाईंच्या घरी गेलो. बाईंनी बांगड्या काढल्या, खिडकीला हात लावला, कॅबिनेट उघडला. दिव्यांची पाच व्होल्टची वायर बारा व्होल्टच्या जागेवर बसली होती. तीन भोकांचं टोक चार पिनांवर, एका बाजूला सरकवून.

“मेरे हाथ से हुआ है,” बाई म्हणाल्या. “कंपनी का कुछ नहीं. मैंने गलत जगह लगाया, दिये जल गये.”

जिग्नेशभाई गोंधळले. “आंटी, आप नहीं बताते तो मुझे पता भी नहीं चलता.”

“इसीलिए आयी.”

त्यांनी नवा पंखा सोबतच आणला होता. तो लावून, दोन्ही वायरी दोनदा तपासून, चहाला नाही म्हणून आम्ही निघालो. रिक्षात मी म्हटलं, ताई, चूक कुणाचीही होते, तुम्ही एवढं मनाला लावून घेताय. त्या बाहेर बघत म्हणाल्या, “एक्सचेंजमध्ये मी एखादी वायर चुकून दुसऱ्या खुंटीवर बांधली तर फोन वाजायचा, पण भलत्याच घरी. तो माणूस म्हणायचा राँग नंबर आणि ठेवून द्यायचा. ज्याच्यासाठी फोन होता त्याला कधीच कळायचं नाही. त्याला कोण सांगणार? मीच ना?”

हे मी ऐकलं होतं. मला पाठ होतं. म्हणून पुढचं सांगताना मला अजून अवघड जातं.

काशीगावचे नरेश पाटील बॅनर छापायचे. त्यांच्या आजोबांची मिठागरं होती, आता रस्त्याकडेला त्यांचं छपाईचं दुकान आहे. बाईंवर त्यांची फार श्रद्धा. श्रावणातल्या एका शनिवारी ते मशीन घेऊन आले. मी तिथेच बसले होते.

“बाय, पंखा फिरतो हाय,” ते म्हणाले, “पन आवाज बराबर न्हाय.”

बाईंनी मशीन चालू केलं. डोळे मिटून कान जवळ नेला. मला दोन हातांवरून ऐकू येत होतं. काचेवर नख ओढल्यासारखा बारीक, वरच्या पट्टीतला, थांबून थांबून येणारा आवाज. पाटील अंगठ्याच्या नखाने टेबलावर त्या आवाजाचा ठेका धरत होते.

बाईंनी डोळे उघडले. “काही नाही. बरोबर चाललाय.”

“न्हाय बाय, आता बगा, आता येतो हाय.”

बाईंनी पुन्हा ऐकलं. “पाटील, तुमच्या प्रिंटरचा आवाज असेल तो. हा पंखा ठीक आहे.”

पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझ्याकडून एक शब्द हवा होता. मी समोरचा कप उचलला आणि रिकाम्या कपातून चहा प्यायले.

“आसंल बाय,” पाटील म्हणाले. “तुमी सांगता म्हंजे आसंल.” आणि कॅबिनेट उचलून जिना उतरले.

मी का बोलले नाही? त्या खोलीत आवाजाबद्दल शेवटचा शब्द त्यांचा असायचा. तो माझ्या तोंडून खोटा पडावा, तोही गिऱ्हाइकासमोर, हे मला नको होतं. मी मनाशी म्हटलं की घरी जाताना सांगू. मग म्हटलं पुढच्या शनिवारी सांगू. पुढच्या शनिवारी त्या मजेत होत्या, भाचीला नोकरी लागली होती. राहून गेलं.

गणपती झाले आणि पाटील आले. या वेळी हातात मशीन नव्हतं, प्रसादाची पिशवी होती. बसले नाहीत. उभ्या उभ्या म्हणाले, “बाय, तुमाला सांगाला आलो. मशीन दुसऱ्याकरशी केला. राग नका मानू.”

“राग कसला? काय झालं होतं?”

पाटील सांगायला तयार नव्हते. बाईंनी तीनदा विचारलं तेव्हा म्हणाले, “पंखा जाम झालता. गनपतीच्या आठ दिस आधी. मशीन चालूच होईना. मंडलांचे बॅनर सगले बाहेरून छापून आनले. जाऊ दे, झाला ता झाला.”

ते गेल्यावर बाईंनी प्रसाद बुद्धाच्या फोटोखाली ठेवला. मग माझ्यासमोर येऊन बसल्या.

“तुला आला होता आवाज? त्या दिवशी?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही नाही म्हणालात, ताई.”

“मी नाही म्हटलं म्हणून आवाज थांबला का?”

त्या चिडल्या नव्हत्या, हे जास्त वाईट होतं. खालच्या गल्लीतून भाजीवाल्याची हाक आली, तीही त्यांना ऐकू आली की नाही कोण जाणे. मग म्हणाल्या, “तू बोलली असतीस तर मी तुझ्यावर रागावले असते. चार शनिवार तुला दार उघडलं नसतं. पण त्या माणसाचा गणपती नीट गेला असता.” आणि पुढे, “वर्ष झालं मला कळतंय. माझ्या कुकरची शिट्टी समोरच्या बाईंना आधी ऐकू जाते. त्या येऊन गॅस बंद करतात. मी म्हणते, मी मुद्दाम ठेवला होता.”

दुसऱ्या दिवशी आम्ही काशीगावला गेलो. जायचं हे त्यांनी ठरवलं, आणि मीही यायचं हेही त्यांनीच ठरवलं. पाटलांच्या दुकानात शाईचा वास होता, भिंतीला कुणाच्या तरी वाढदिवसाचा अर्धा छापलेला बॅनर टांगलेला होता. बाई उभ्या राहूनच बोलल्या. “पाटील, आवाज होता. मला ऐकू आला नाही. माझे कान गेलेत, आणि ते मी तुमच्यापासून लपवलं.” मग माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, “मला ऐकू आला होता. मी बोलले नाही.” एवढंच वाक्य होतं, पण चाळिशी ओलांडलेल्या बाईने शाळेतल्यासारखं उभं राहून ते म्हणायचं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं.

पाटलांची आई आतून पाणी घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. पाटील खाली बघत म्हणाले, “एवऱ्यासाठी इतक्या लांब आल्या, बाय?” मग डोकं खाजवत म्हणाले, “एक काम करा. ही बाय ऐकंल, तुमी बगा. मी दुसरीकरं जानार न्हाय.”

ते त्यांनी सहज म्हटलं असेल. पण पुढची दोन वर्षं आम्ही तसंच केलं.

शनिवारी सकाळी मी जायचे. आठवड्याभरात आलेली मशीनं बाईंनी टेबलावर मांडून ठेवलेली असायची. एकेक चालू करायच्या आणि कॅबिनेटवर बोटं टेकवून माझ्याकडे बघायच्या. “सांग.”

पहिल्या दिवशी मी म्हटलं, “आवाज येतोय.”

“कसा?”

“म्हणजे, खराब.”

“खराब म्हणजे काय? तू पुस्तकांत काम करतेस ना? शब्द नाहीत तुझ्याकडे?”

मला शब्द शोधावे लागले. जात्यात खडा आल्यासारखा. झुरळ कागदावरून चालल्यासारखा. लांबच्या मशिदीतला भोंगा ऐकू यावा तसा. कुणी दातांतून श्वास घेतंय तसा. बाई ऐकायच्या, बोटांखालची थरथर तपासायच्या आणि दोन्ही जुळवायच्या. “खडा म्हणालीस ना? मग वायर पात्याला लागतेय.” उघडून बघावं तर तसंच असायचं. “श्वास म्हणालीस? जाळीत धूळ अडकलीय.” मी एखादा शब्द नुसता छान वाटतो म्हणून वापरला तर त्यांना लगेच कळायचं. “हे तू ऐकलंस की सुचलं?” असं विचारायच्या. असा प्रश्न मला कुठल्याही संपादकाने कधी विचारला नाही.

मुलीने हट्ट करून त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी कागदावर काढलेली रेघ त्यांनी मला दाखवली. डावीकडे, खालच्या पट्टीतल्या आवाजांना, बरी होती, उजवीकडे जाता जाता घसरत खाली गेलेली. वरच्या पट्टीतलं सगळं गेलं होतं. जुन्या एक्सचेंजमधल्या त्या खटखटीत इतकी वर्षं काढली, त्याचाही भाग असेल, असं डॉक्टर म्हणाले होते. मला ते ऐकून फार लागलं. ज्या आवाजासाठी त्या इतक्या झुरत होत्या त्यानेच असं करावं? बाई कागदाची घडी घालत म्हणाल्या, “घेतलं असेल. दिलंही त्यानेच होतं.”

कानातलं यंत्र त्यांनी महिनाभर लावून बघितलं. रिक्षाचे हॉर्न, समोरच्या घरातला टीव्ही, भांडी, सगळं एकाच जोराने यायचं म्हणाल्या. “यात सगळं आहे. पंखा नाही.” ते डबीत घालून कपाटात ठेवलं आणि मुलगी आली की तेवढं लावायच्या.

मग इमारतीचं झालं. खाडीच्या खाऱ्या हवेने आतलं लोखंड गंजलं होतं, गच्चीखालच्या स्लॅबचे तुकडे पडत होते. पाडून नवी बांधायचं ठरलं. घरं रिकामी करायची नोटीस आली, तीन वर्षांत नवीन घर मिळेल असं बिल्डरने सांगितलं. बाकीचे लोक आसपास भाड्याने गेले. मुलगी पुण्याला बोलवत होती. बाईंनी माणगावजवळच्या गावी, भावाकडे जायचं ठरवलं.

“इथेच कुठेतरी बघू या ना,” मी म्हटलं. “माझ्या बिल्डिंगमध्ये एक खोली रिकामी आहे.”

“आणि तू दर शनिवारी ऐकायला येणार? किती वर्षं?”

“जमेल तितकी.”

“मला दिसतं गं, संध्या. तू लक्ष देऊन ऐकतेस. पण तू पंखे ऐकत नाहीस, मी खूश होतेय का ते बघत असतेस.” हे त्या अगदी मायेने म्हणाल्या. ते खरं होतं.

शेवटच्या महिन्यात त्यांनी नवीन मशीन घेतलं नाही. जी होती ती एकेक करून परत केली, प्रत्येक माणसाला समोर बसवून आतली वायर कुठून कुठे जाते ते दाखवलं. जिग्नेशभाईंनी फोटो काढून घेतले. पाटील पूर्ण दुपार बसून होते आणि शेवटी त्यांनी स्वतःच्या हाताने एक पंखा बसवला. बाईंनी तो बोटांनी तपासला आणि “बरा आहे” म्हणाल्या. बरा हा त्यांचा वरचा शेरा होता.

आता त्या गावी आहेत. फोनवर बोलणं जमत नाही, म्हणून त्या मेसेज पाठवतात, तेही क्वचित आणि तारेसारखे. ‘आंबे चांगले. तब्येत ठीक. वहिनीच्या मिक्सरचं काम केलं.’ मी लांबलचक उत्तर लिहिते आणि अर्धं खोडते. शनिवारी सकाळी मला अजून काही सुचत नाही. मशीनसमोर बसते आणि कामाऐवजी त्याचा आवाज ऐकत राहते, त्याला नेमका शब्द शोधते. शब्द सापडतो कधीकधी. तो कुणाला सांगायचा हा प्रश्न असतो.

त्या गेल्या तो दिवस डिसेंबरातला होता. सामान फार नव्हतं, एका छोट्या टेम्पोत मावलं. मुलगी सकाळच्या गाडीने पुढे गेली होती. बाई ड्रायव्हरच्या शेजारी बसल्या. आम्ही निरोप घेतला, म्हणजे त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि “जेवून घे” म्हणाल्या. टेम्पो निघाला आणि मी गल्लीतून स्टेशनकडे चालायला लागले.

बाजारातल्या वळणावर मला तोच टेम्पो परत दिसला. पुढे मासळीच्या पाट्या उतरवत होते, रिक्षा आडव्या लागल्या होत्या, तो तिथेच अडकला होता. मी फुटपाथवरून त्याच्या बरोबरीला आले. मधे चार हातांचं अंतर होतं. बाईंचं तोंड ड्रायव्हरकडे होतं. तो काहीतरी विचारत होता, रस्ता असेल बहुतेक. त्यांनी त्याच्या खांद्यावर बोट ठेवून त्याला थांबवलं आणि मोठ्याने, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “भाऊ, मला ऐकू येत नाही. माझ्याकडे बघून बोल.”

तो पोरगा त्यांच्याकडे वळला आणि ओठ सावकाश हलवत बोलायला लागला. त्या त्याच्या तोंडाकडे लक्ष देऊन बघत होत्या. काहीतरी कळलं असावं, कारण त्या हसल्या आणि हाताने पुढे, डावीकडे असं दाखवलं.

मी हाक मारली नाही. वाट मोकळी झाली. टेम्पोने गिअर टाकला, पाट्यांना वळसा घालून तो रेल्वे फाटकाच्या रस्त्याला लागला, आणि मागच्या फळ्यांवरून दोरीने बांधलेलं ते लांब टेबल तेवढं बराच वेळ दिसत राहिलं.